मोठ्या माणसांचा पट्टा

शाळा तपासणीच्या गाडीवर मी नोकरीची शेवटची अकरा वर्षं काढली. गाडीत आम्ही तिघं. एक डॉक्टर, मी सिस्टर आणि गाडी चालवणारे शेखभाई. डॉक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलत, शेखभाई आणि मी मात्र कायमचे. सकाळी शहरातून निघायचं आणि त्या दिवशीच्या यादीत जी शाळा असेल तिथं जायचं. कधी चार मजली इंग्रजी शाळा, कधी जालना रोडवरून आत वळल्यावर लागणारी दोन खोल्यांची. पोरांची उंची, वजन, डोळे, दात बघायचे, कमरेचा घेर मोजायचा, बीपी घ्यायचं आणि प्रत्येकाच्या कार्डावर लिहून सही करायची. काम एवढंच.

यातलं बीपी ऐकून लोकांना हसू यायचं. एक मुख्याध्यापक मला म्हणाले होते, "सिस्टर, बीपी आम्हाला आहे, या पोरांमुळं. पोरांना कुठून येणार?" आणि खुर्ची ओढून त्यांनी बाही वर केली. हे प्रत्येक शाळेत व्हायचं. पोरांची रांग थांबायची आणि आधी गुरुजी, मग मॅडम, मग शिपाई, मग खिचडी शिजवणाऱ्या मावशी. नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा म्हटलं होतं, तर आम्हाला पंखा नसलेली खोली मिळाली.

दंडाला बांधायच्या त्या पट्ट्याला आमच्या धंद्यात 'कफ' म्हणतात. मी पट्टाच म्हणते, कारण "कफ लावते हं" म्हटलं की एखादी आजी खोकल्याचं औषध मागायची. या पट्ट्याच्या आत रबराची पिशवी असते आणि ती दंडाच्या मापाचीच लागते. पट्टा लहान पडला तर बीपी असतं त्याहून जास्त दिसतं. मोठा पडला तर कमी दिसतं. म्हणून पोरांचे पट्टे वेगळे असतात. शिवाय पोराला पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर. आकडा जास्त आला तर थोडं थांबून परत घ्यायचा, पुन्हा एखाद्या दिवशी जाऊन घ्यायचा. आणि तो मोठ्या माणसाच्या आकड्याशी ताडायचा नाही. पोराचं वय किती, उंची किती, मुलगा की मुलगी, हे पाहून तक्त्यात शोधायचा. पन्नास वर्षांच्या माणसाला जो आकडा ठीक, तो बारा वर्षांच्या पोरीला ठीक असेलच असं नाही.

घेराचंही असंच. लोक वजनाकडं बघतात. पण चरबी किती आहे यापेक्षा ती कुठं आहे हे जास्त बघायचं असतं. मांड्या-दंडावरची चरबी तितकीशी त्रास देत नाही, पोटावरची देते. ती नुसती कातडीखाली नसते, आत आतड्यांभोवती बसते आणि बीपी वर ढकलते. हे पोरांना सांगायला मी एक दोरा ठेवत असे. पोराच्या उंचीएवढा दोरा तोडायचा, तो दुमडून निम्मा करायचा आणि कमरेभोवती गुंडाळायचा. टोकाला टोक लागलं तर ठीक. नाही लागलं तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे लक्ष द्यायला हवं. पोरं श्वास ओढून पोट आत घ्यायची आणि हसू आलं की सगळं बाहेर. तो तास मजेचा असायचा.

एवढं शहाणपण असून मी स्वतः डोळ्यांवरच विश्वास ठेवायचे. गारखेड्यातल्या एका शाळेत सहावीतला एक गोल गरगरीत पोरगा होता. वजनकाट्यावर चढला तसा वर्ग हसला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, आईला सांग, पोळ्या जरा कमी लाट म्हणावं." नंतर मोजलं तर त्याचा दोरा अगदी काठावर का होईना जुळला, आणि बीपी खणखणीत चांगलं. सगळी चरबी मांड्यांवर नि कुल्ल्यांवर. पुढच्या वर्षी गेले तेव्हा वर्गशिक्षिका म्हणाल्या, त्यानं डबा आणणंच सोडलंय, सुट्टीत वर्गात एकटा बसून असतो. मी त्याला बोलावलं, समजावलं. तो मान हलवत राहिला, माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्या बाबतीत मी डोळ्यांनी जास्त पाहिलं. पुढं जे झालं त्यात डोळ्यांना दिसत होतं, तरी कानाडोळा केला.

आमच्या पेटीतला मुलांचा पट्टा एका पावसाळ्यानंतर फुटला. रबराची पिशवी कुजली होती, फुगवली की सुईएवढ्या भोकातून हवा निघून जायची. मी मागणीपत्र लिहिलं. उत्तर आलं, साठ्यात नाही, आल्यावर कळवू. महिन्यानं परत लिहिलं. तिसऱ्यांदा तोंडी सांगितलं. ऑफिसातले साहेब म्हणाले, "सिस्टर, तपासणी थांबवता येणार नाही. आहे त्यात चालवून घ्या."

आहे त्यात म्हणजे मोठ्या माणसांचा पट्टा. तेव्हाचे डॉक्टर नवीन होते. त्यांना मी म्हणाले, "सर, यानं बीपी कमी दाखवणार." ते म्हणाले, "माहीत आहे हो. पण रकाना रिकामा ठेवला तर वरून फोन येतो."

मग रकाने भरत गेले. पहिले काही दिवस मला आकडा लिहिताना कसंसंच व्हायचं. मी कार्डाच्या कडेला पेन्सिलीनं 'मोठा पट्टा' असं लिहायचे. एकदा साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, कार्डावर टिपणं नकोत. मी ते बंद केलं. नंतर कसंसंही व्हायचं बंद झालं. दीड वर्ष असं चाललं. नवा पट्टा आला त्या दिवशी मी तो पेटीत ठेवला आणि जुन्या कार्डांचा विषय कुणाशीच काढला नाही.

त्या दीड वर्षातच आम्ही करमाडच्या पुढच्या एका शाळेत गेलो. सातवीत दीपाली नावाची मुलगी होती, बारा वर्षांची. वडील म्हसूभाऊ, धनगर समाजातले. आधी मेंढरं होती, मग चराई कमी झाली तशी मेंढरंही कमी झाली. तेव्हा ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात वॉचमन होते आणि दारात दहा-बारा मेंढ्या उरल्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी माझ्यासमोर होती ती दोन वेण्या घातलेली, काडीसारख्या हातापायांची मुलगी. वजन अगदी बरोबर. बघणारा म्हणाला असता, हडकुळी आहे, दूध पाजा.

पण दोरा जुळला नाही. चांगली चार बोटं फट राहिली. फ्रॉकच्या आत पोट गोल होतं, छोट्या घागरीसारखं. पोरी हसायला लागल्या. तीही हसली आणि म्हणाली, "सिस्टर, सकाळी लई खाल्लंय म्हणून."

मी पट्टा बांधला. तो तिच्या दंडाला जवळजवळ दोनदा गुंडाळला गेला. आकडा आला एकशे चौदा. खालचा बहात्तर. मोठा पट्टा कमी दाखवतो, हे मला ठाऊक होतं. पट्टा सैल, दंड काडी, दोरा जुळत नाही, आणि तरी एकशे चौदा. म्हणजे खरा आकडा किती असेल? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. आला नव्हता असं मला आज म्हणता येणार नाही. मी तिला विचारलंही, "डोकं दुखतं का गं?"

"दुखतं कधी कधी. फळ्याकडं बघून."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते दातांच्या रांगेत गुंतले होते. बाहेर शेखभाई हॉर्न देत होते, "सिस्टर, जल्दी करो, आगे और एक स्कूल बाकी है." मी कार्डावर लिहिलं, '११४/७२, ठीक'. खाली लिहिलं, 'डोळे तपासून घ्यावेत'. सही केली. पुढची मुलगी बसली.

सात वर्षं गेली. मी निवृत्त झाले. गारखेड्यात घरी असते, गॅलरीत मेथी-कोथिंबीर लावते. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी बेल वाजली. दारात पटका बांधलेला एक उंच माणूस, हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंढी आणि काखेत प्लॅस्टिकची पिशवी.

"सिस्टरबाई तुमीच ना? शेखभाईनं पत्ता दिला. मी म्हसू. दीपालीचा बाप."

मला नाव आठवलं नाही. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, बाकी जसंच्या तसं. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

दीपाली पोलीस भरतीत उतरली होती. मैदान मारलं, लेखी मारली, निवडीच्या यादीत नाव लागलं. गावात पेढे वाटले. आणि मेडिकलला बीपी निघालं एकशे चौसष्ट, खाली एकशे चार. दोनदा घेतलं, तीनदा घेतलं. तिला बाजूला बसवलं. एकोणीस वर्षांची पोर.

"डॉक्टर इचारतेत, हे कधीपासनं हाय," म्हसूभाऊ सांगत होते. "जुना कागद असंल तर आणा म्हणले. आमच्याकडं कुठला आलाय कागद? मंग हे सापडलं. ह्याच्यावर तर ठीक लिवलंय. तुमी तपासलं हुतं म्हणून म्हणलं, तुमालाच इचारावं. तवा ठीक हुतं ना, बाई?"

मी कार्ड हातात घेतलं. सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं. पण पेन्शन, जुनं ऑफिस, हा माणूस चार लोकांत काय सांगेल, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मी म्हणाले, "हो भाऊ. तेव्हा ठीक होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग हे नवंच हाय. बरं झालं बाई, तुमी सांगितलं ते." जाताना त्यांनी ढाळ्यांची पेंढी दाराशी ठेवली. मला हात जोडले.

तो हरभरा मी सोलला नाही. गॅलरीत तसाच वाळला. पंधरा दिवस मी स्वतःला समजावत होते की आता सांगून उपयोग काय, पोरीला डॉक्टर मिळालेत, औषध चालू होईल. पण एका सकाळी मी उठले, आवरलं आणि करमाडच्या बसमध्ये बसले.

घर सापडायला वेळ लागला नाही. 'पोलीस झाली ती दीपाली' म्हटल्यावर एका बाईनं बोट दाखवलं आणि हळूच म्हणाली, "झाली कुठं? व्हता व्हता राहिली."

अंगणात तिची आई, लताबाई, गहू निवडत होत्या. म्हसूभाऊंनी मला ओळखलं आणि घाईनं बाज टाकली. दीपाली आतून पाणी घेऊन आली. उंच झाली होती. हातपाय तसेच सडपातळ, पोट सैल कुर्त्याखाली झाकलेलं. चेहरा मात्र असा की बोलायचं सोडून बरेच दिवस झालेत.

मी काही बोलायच्या आधीच लताबाईंनी सुरुवात केली. "तुमीच सांगा बाई हिला. तुमच्या कागदावर समदं ठीक हुतं. हे सगळं त्या पळण्यानं झालं. पहाटंचं उठून करमाडपस्तोर पळायचं, आन दिवसभर पुस्तकात डोकं. बाईच्या जातीला झेपतंय का ते? रगत चढंल नाय तर काय! आता मी बूटच देऊन टाकले तिचे. पाव्हणे बघायला लागलोय."

म्हसूभाऊ खाली बघत म्हणाले, "मी पण तिला लई बोललो, बाई. पोलीस व्हायच्या नादापायी जिवाची माती केली म्हणलं."

मला तेव्हा कळलं की मी त्या दुपारी दारात उभी राहून काय केलं होतं. कार्डावरचा आकडा खोटा होता, पण तो निदान सात वर्षांपूर्वीचा. 'तेव्हा ठीक होतं' हे माझे ताजे शब्द होते, आणि त्या शब्दांवर या घरानं पोरीला दोषी ठरवलं होतं.

मी म्हणाले, "कागद चुकीचा आहे. मी चुकीचा लिहिला."

मग सगळं सांगितलं. फुटलेला पट्टा, मागणीपत्रं, मोठ्या माणसांचा पट्टा, तिचा काडीसारखा दंड. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की बीपी कमी दिसतं, हे दोनदा समजावून सांगितलं. म्हटलं, "पळण्यानं हे झालेलं नाही. हे बहुतेक तेव्हापासूनचं आहे. आता डॉक्टर सांगतील तसं औषध घ्यायचं आणि ते म्हणतील तेव्हा पळायचंही."

मग म्हसूभाऊंनी विचारलं, "म्हंजे तुमाला तवा ठावं हुतं?"

"पट्टा मोठा आहे हे माहीत होतं."

"आन हिचं बीपी जास्त हाय हे?"

"शंका आली होती."

"मंग कामून बोलला नाय, बाई?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. "आमी गेलो असतो की दवाखान्यात. एक मेंढरू इकलं असतं. तुमी नुसतं बोलायचं हुतं."

घाई होती, साहेब होते, रकाना होता. यातलं एकही त्या माणसासमोर तोंडातून निघेना. लताबाईंनी पदर तोंडाला लावला. "जन्मली तवा तळहातावर मावत हुती," त्या म्हणाल्या. "लई जपली हो हिला."

दीपाली चौकटीला टेकून उभी होती. ती पहिल्यांदा बोलली ती आईशी. "ऐकलंस का? पळण्यानं नाय झालं."

मग दीपाली माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता ही मला बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"सातवीपासनं माझं डोकं दुखायचं," ती म्हणाली. "चष्मा लावून बघितला. समदे म्हणायचे, अभ्यास नको म्हणून नाटकं करती." मग तिनं विचारलं, "त्या दिवशी आमच्या सगळ्या वर्गाला त्याच पट्ट्यानं मोजलं ना?"

"हो."

"मग बाकीच्यांचं काय?"

मी दुसऱ्या दिवशी म्हसूभाऊंबरोबर तिच्या डॉक्टरांकडं गेले आणि कार्डाचं खरं काय ते त्यांच्यासमोर सांगितलं. तोवर हृदयाची सोनोग्राफी झाली होती. हृदयाची भिंत जाड झालीय, डॉक्टर म्हणाले, जादा दाबाशी झगडून झगडून. ते एका-दोन महिन्यांत होत नाही. कार्डाशी ते जुळत नव्हतं म्हणून तेही कोड्यात पडले होते. किडनीचा दोष नाही ना, हे पाहायला त्यांनी तपासण्या करवल्या होत्या, त्या ठीक आल्या होत्या. औषधानं भिंत पूर्ववत होऊ शकते, वय लहान आहे, असं ते म्हणाले. मी विचारलं, तेव्हाच सापडलं असतं तर? ते थोडे अडखळले, मग म्हणाले, "कदाचित मीठ कमी करून, पाकिटातलं खाणं बंद करून आणि खेळायला लावून भागलं असतं, सिस्टर. तुम्हाला ते माहीतच आहे."

भरतीची यादी तिच्याशिवाय पुढं गेली. दीपाली आता शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते आणि रोज सकाळी गोळी घेते. आईनं नवे बूट घेऊन दिलेत. सध्या चालते, हळूहळू पळायलाही डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे. पुढच्या भरतीचा फॉर्म भरायचा की नाही, हे तिनं ठरवलेलं नाही. मी विचारत नाही.

मी ऑफिसात जाऊन त्या दीड वर्षाच्या नोंदवह्या मागितल्या. मुदत संपली म्हणून त्या रद्दीत गेल्या होत्या. नव्या साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी ते ठेवून घेतलं. मग दीपालीनंच वहीच्या कोऱ्या पानावर सातवीचा वर्ग उतरवला. पहिला बाक कोण, दुसरा कोण, खिडकीशी कोण. सगळी नावं तिला तोंडपाठ. कोण गावात आहे, कोण शहरात, कुणाचं लग्न झालं, तेही.

तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी निघतो. माझ्याजवळ नवं मशीन आहे आणि प्रत्येक मापाचा पट्टा आहे. आतापर्यंत निम्म्याहून जास्त नावं झाली. बहुतेक सगळे ठीक निघाले. गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात काम करणारा एक मुलगा मात्र बारीक चणीचा, पुढं पोट, आणि बीपी चढलेलं. त्याला डॉक्टरांकडं पोचवलं. एका घरानं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. आणि हा झाला एकच वर्ग. त्या दीड वर्षात आम्ही किती शाळा केल्या, त्या कुठल्या, याची यादी आता शेखभाईंना आठवेल तेवढीच, आणि त्यांचंही वय झालंय.

मला माफ केलं असं दीपाली कधी म्हणाली नाही. मीही मागितली नाही. प्रत्येक दारात ती पुढं होते, मी पाठीमागं पेटी धरून उभी राहते. दार उघडलं की ती माझ्याकडं हात करते आणि दर वेळी तेच सांगते. त्यात एक शब्द कमी नसतो, एक जास्त नसतो.

"ह्या सिस्टर. आपण सातवीत असताना शाळेत आल्या होत्या. तेव्हा चुकीचं मोजलं होतं. आता नीट मोजायला आल्यात."